आंबणाऱ्या बादलीचा ताप

विरजण लावताना आपल्याला काळजी असते ती ऊब टिकवण्याची. थंडीत पातेलं शालीत गुंडाळतात, कोणी पिठाच्या डब्यात ठेवतं. जानेवारीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून ते बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा रात्रभर लावणारी घरंही पुष्कळ आहेत. त्यामुळे आंबवण्याच्या कामात ऊब वैरीण होऊ शकते हे आपल्याला चटकन पटत नाही. बिअरचं मात्र तसंच आहे. ती आंबताना स्वतःच तापते आणि ती ऊब वेळच्या वेळी काढून घेतली नाही तर बिअर बिघडते. नासत नाही, पिताही येते. पण जी करायला घेतली होती ती ती राहत नाही.

ब्रिटन-अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. त्यांनी या अडचणीवर काढलेला तोडगा म्हणजे एक जुना फ्रीज, एक सेन्सर आणि दोन रिले असलेली हातभर वायरींची पेटी. तापमान वाढलं की फ्रीज चालू, उतरलं की बंद. ऐकायला इतकं सोपं, की यावर लेख कशाला लिहायचा असं वाटावं. पण ही पेटी चांगली चालते की नाही हे तिच्यातल्या चिपपेक्षा सेन्सर कुठे चिकटवला आहे आणि पेटीला थांबायला किती शिकवलं आहे, यावर ठरतं.

आधी कृती थोडक्यात. जव भिजवून, मोड आणून, वाळवले की माल्ट तयार होतो. तो भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. गाळून निघालेलं गोड पाणी म्हणजे वर्ट. हॉप्सची कडवट फुलं घालून ते उकळायचं, झटपट गार करायचं, त्यात यीस्ट सोडायचं आणि वायू बाहेर जायला वाट ठेवून बादलीचं झाकण लावायचं. घरगुती घाणा बहुधा २० लिटरांचा असतो.

आता हिशेब. मध्यम गोडीच्या २० लिटर वर्टमध्ये अडीच किलोच्या आसपास विरघळलेला ऐवज असतो, बहुतेक साखरच. त्यातला दीडेक किलो यीस्ट फस्त करतं. किलोमागे सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे एकूण ९०० च्या जवळपास. २० लिटर पाणी एका अंशाने तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. उष्णतेला बाहेर पडायला वावच दिला नाही तर बादली दहा-अकरा अंशांनी चढेल. २० वर सुरू केलेली ३० गाठेल. प्रत्यक्षात ऊब बादलीच्या भिंतींतून खोलीत झिरपत राहते, त्यामुळे इतकी मजल जात नाही. ही उष्णता तीन-चार दिवसांत मिळून बाहेर पडते. सरासरी काढली तर तीन वॉट, ऐन भरात आठ-दहा वॉट. घरातल्या एका एलईडी दिव्याएवढी. पण हा दिवा बादलीच्या पोटात पेटलेला असतो. म्हणून भिंतीवरचा तापमापक २० दाखवत असतो तेव्हा यीस्ट २३-२४ अंशांत राबत असतं.

कारखान्यात हा प्रश्न कितीतरी बिकट होतो. भांडं मोठं केलं की त्याचं पोट जितक्या झपाट्याने वाढतं तितका त्याचा पृष्ठभाग वाढत नाही. एक लाख लिटरांच्या टाकीला त्याच आकाराच्या २० लिटरांच्या भांड्याच्या तुलनेत दर लिटरमागे जेमतेम सतरावा हिस्सा पृष्ठभाग मिळतो. तिथे थंडाव्याची सोय नसेल तर ऊब कोंडूनच राहणार.

या उबेने चवीचं काय होतं? यीस्ट साखरेपासून नुसतं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवून थांबत नाही. वाढीच्या धांदलीत ते इतरही बरंच काही बनवतं: एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी द्रव्यं, आणि जड अल्कोहोलं, ज्यांच्यामुळे घशाशी जळजळतं. तापमान जास्त असलं की ही पैदास वाढते. यातलं आयसोअमाइल ॲसिटेट हे केळ्याच्या वासाचं एस्टर. दक्षिण जर्मनीतल्या गव्हाच्या बिअरमध्ये ते हवंच असतं. तोच वास फिक्या, स्वच्छ चवीच्या लागरला आला तर ती फसली म्हणायची. म्हणजे अमुक तापमान चांगलं आणि अमुक वाईट असं सरसकट सांगता येत नाही, ते करायला काय घेतलं त्यावर आहे. एल जातीच्या बिअरचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत खुशीने काम करतं, लागरचं ८ ते १२ अंशांत. लागरचं यीस्ट हा दोन जातींचा संकर आहे. त्यातला थंडी सोसणारा पूर्वज दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात, बीच जातीच्या झाडांवर सापडल्याचं २०११ साली जाहीर झालं. तिथली थंडी पाहिली की लागरच्या आवडीनिवडीचा उलगडा होतो.

मद्यकारांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं तेव्हाही उन्हाळ्यातली बिअर बिघडते एवढं पक्कं ठाऊक होतं. बव्हेरियात १५५३ साली फर्मानच निघालं: बिअर करायची ती २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणापासून २३ एप्रिलच्या सेंट जॉर्जच्या सणापर्यंत. एरवी भट्टी बंद. उन्हाळ्याची बेगमी म्हणून मार्चमध्ये जास्तीची बिअर करून तळघरांत साठवायची. लागर या शब्दाच्या मुळाशी हे साठवणंच आहे. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत भरत, वरच्या जमिनीवर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावत. म्युनिकच्या बिअर-बागांतली ती दाट झाडं मुळात तापमान-नियंत्रणाचा भाग होती.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात तापमापक भट्टीत आला, पण त्याचं स्वागत झालं नाही. हॅम्पशायरमधल्या ऑल्टन गावचा जेम्स बॅव्हरस्टॉक आपल्या वडिलांच्या भट्टीत तापमापक वापरू लागला तो त्यांच्यापासून लपवून. वडिलांना असले नवे प्रयोग खपत नसत. बोट बुडवून पाण्याचा अदमास घेणाऱ्या पिढीला काचेच्या नळीवर विसंबणं कमीपणाचं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे. पुढे इंग्रज मद्यकारांनी आंबणाऱ्या पिंपांतून तांब्याच्या नळ्या फिरवून त्यांत गार पाणी खेळवायला सुरुवात केली. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये भट्टी असलेल्या घरात १८१८ साली जन्मलेला जेम्स प्रेस्कॉट जूल तर अंशाच्या दोनशेव्या हिश्श्यापर्यंत, तोही फॅरेनहाइटचा अंश, तापमान मोजल्याचा दावा करी. शास्त्रज्ञांना तो अतिशयोक्त वाटे. मद्यकाराच्या मुलाला तापमापकाची सवय घरातूनच लागली असणार, असं मला वाटतं. वर ९०० किलोज्यूल म्हटलं, त्यातला ज्यूल तो हाच.

खरी कलाटणी १८७० च्या दशकात मिळाली. कार्ल फॉन लिंडे या म्युनिकच्या प्राध्यापकाने यांत्रिक शीतकरणाचा अभ्यास मांडला आणि त्याच्या यंत्राला पहिली जागा दिली ती स्पाटन या बिअर कारखान्याच्या गॅब्रिएल झेडलमायरने. पहिल्या यंत्राच्या अडचणी सोडवून लिंडेने अमोनियावर चालणारं यंत्र केलं, ते युरोपभरच्या बिअर कारखान्यांनी घेतलं आणि १८७९ मध्ये त्याने कंपनी काढली. आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या वंशावळीत बिअर इतकी जवळ बसलेली आहे. तोच फ्रीज जुना झाल्यावर गॅरेजमध्ये जाऊन पुन्हा बिअर गार करायला लागतो, हे तसं कुळाला धरूनच झालं.

गॅरेजमध्ये जायला आधी कायद्याची वाट मोकळी व्हावी लागली. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागे. अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी १९६३ च्या अर्थसंकल्पात ती अट काढून टाकली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सही केलेला कायदा १९७९ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला: दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही. राज्यांना आपापले नियम ठेवण्याची मुभा होती. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये वळली.

सुरुवातीच्या हौशी मंडळींचे उपाय आपल्या माठाच्या जातीचे होते. बादली पाण्याच्या टबात ठेवायची, तिला जुना टी-शर्ट चढवायचा, त्याची खालची कड पाण्यात बुडू द्यायची आणि समोर पंखा लावायचा. सकाळ-संध्याकाळ टबात बर्फाची बाटली टाकायची. कोरड्या हवेत याने चार-पाच अंश सहज उतरतात. आजही नवख्याला मी हाच उपाय आधी सुचवीन, कारण टबातल्या पाण्यामुळे एकूण वस्तुमान वाढतं आणि तापमान चढायला-उतरायला वेळ लागतो. फक्त बाटली बदलायला माणूस घरी हवा.

ते काम पेटीकडे गेलं की काय होतं ते पाहू. बाजारात एसटीसी-१००० नावाची तयार नियंत्रकाची चकती मिळते. ती काही बिअरसाठी बनवलेली नव्हे. पण तिच्यात दोन रिले आहेत, एक थंडाव्याचा आणि एक उबेचा, आणि ती स्वस्त आहे, म्हणून घरगुती मद्यकारांनी तिला आपलंसं केलं. समजा, तिला १९ अंश आणि अर्ध्या अंशाचा फरक सांगितला. साडेएकोणीस झाले की ती फ्रीज चालू करते, १९ झाले की बंद. साडेअठराच्या खाली गेलं तर हीटर चालू करते आणि १९ वर बंद. मधल्या पट्ट्यात ती गप्प बसते. हा पट्टा फार अरुंद केला तर फ्रीज सारखा चालू-बंद होत राहील, आणि हे फ्रीजला सोसत नाही. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर नळ्यांतल्या एका बाजूचा जास्त दाब दुसऱ्या बाजूला उतरायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच मोटर सुरू करायला गेलं तर तिला त्या दाबाविरुद्ध फिरता येत नाही, ती जागच्या जागी जोर लावत बसते आणि तापते. म्हणून दोन सुरुवातींमध्ये किमान तीन ते पाच मिनिटं सोडायची सोय पेटीत असावीच लागते. वीज जाऊन लगेच आली तरीही हा विसावा पाळला गेला पाहिजे. घरी पेटी जोडणाऱ्यांच्या यादीत ही गोष्ट बरेचदा शेवटी असते. माझ्या मते ती पहिली हवी.

आता सेन्सर. तो फ्रीजमध्ये नुसता लोंबकळत ठेवला तर तो हवेचं तापमान मोजतो. दीडशे लिटरांच्या फ्रीजमधल्या हवेचं वजन पावशेराहूनही कमी. ती एका अंशाने तापायला जितकी उष्णता लागते त्याच्या सुमारे साडेचारशेपट २० लिटर बिअरला लागते. दार उघडलं की हवेचं तापमान उडी मारतं, बिअरला त्याचा पत्ताही नसतो. पेटी मात्र घाबरून फ्रीज चालू करते. शिवाय हवा १९ वर राखली तरी ऐन भरात बिअर तिच्या वरच राहणार, कारण तो पोटातला दिवा.

मग सेन्सर बिअरमध्येच बुडवला तर? स्टीलची बारीक, एका टोकाला बंद नळी झाकणातून आत सोडून तिच्यात तो ठेवतात. आता मोजमाप खरं आहे, पण उशिरा येणारं. फ्रीज चालू झाला, हवा गार झाली, बादलीची भिंत गार झाली आणि मग हळूहळू मधली बिअर. सेन्सरला १९ दिसून पेटीने फ्रीज बंद केला तेव्हा फ्रीजच्या आतल्या पत्र्यावर शून्याखालची थंडी जमलेली असते. ती बादलीतून ऊब ओढतच राहते. बिअर साडेअठराच्या खाली घसरते, तिथे हीटर चालू होतो, तोही असाच पलीकडे नेऊन सोडतो. रात्रभर फ्रीज आणि हीटर आळीपाळीने एकमेकांचं काम उसवत बसतात आणि मीटर फिरत राहतो.

यावरचा साधा तोडगा म्हणजे सेन्सर बादलीच्या बाहेरून, बिअरच्या पातळीच्या मध्यावर चिकटवायचा आणि त्यावर स्पंजची जाड घडी पट्टीने घट्ट बांधायची. घडीमुळे हवेपासून आडोसा मिळतो, आणि भिंतीला लागून असल्याने थंडावा आत शिरू लागल्याची खबर त्याला मधल्या बिअरच्या आधी लागते. बिअर जोरात आंबत असते तेव्हा वायूचे बुडबुडे तिला ढवळत असतात, त्यामुळे भिंतीशी आणि मध्यात फार फरक राहत नाही. हीटरही मोठा नको. सरपटणाऱ्या पाळीव प्राण्यांसाठी मिळतो तसला वीस-पंचवीस वॉटचा चटईवजा हीटर पुरतो. मोठ्या हीटरने घाई होते, आणि इथे घाईच नडते.

दुसरा तोडगा जास्त हुशार आहे: दोन सेन्सर, एक बिअरमध्ये आणि एक हवेत. बिअर हव्या त्या अंकापासून किती दूर आहे हे पाहून पेटी ठरवते की हवा किती गार असावी, आणि फ्रीज त्या हवेच्या अंकासाठी चालवते. बिअर जसजशी जवळ येते तसतशी हवेची थंडी आधीच कमी केली जाते. मोठ्या उद्योगांत ही दुहेरी पद्धत जुनीच आहे. आर्डुइनोसारखे छोटे संगणक आल्यावर ती गॅरेजमध्ये आली. अंशाच्या दहाव्या हिश्श्यात बिअर धरून ठेवणारे आलेख लोक अभिमानाने दाखवतात. माझं मत विचाराल तर नीट बांधलेला एक सेन्सर आणि साधी चकती ही जोडी, सेन्सर वाटेल तिथे लटकवलेल्या हुशार संगणकापेक्षा भरवशाची.

संगणक वापरणाऱ्यांनी एक खोच ध्यानात ठेवावी. या कामात सगळ्यांचा आवडता सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०. तीन तारा, पाण्यापासून सुरक्षित अशी स्टीलची टोपी, अर्ध्या अंशाची खात्री. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी त्याला विचारलं तर तो ८५ अंश असं उत्तर देतो. आर्डुइनोवर त्याच्यासाठी सर्रास वापरली जाणारी प्रणाली तार तुटली तर उणे १२७ असा आकडा परत देते. हे दोन्ही आकडे खरे मानणारी पेटी काय करील? ८५ पाहून ती फ्रीज चालू करील आणि पहिल्या मोजमापावरच अडकून राहिली तर बिअर गोठेपर्यंत चालू ठेवील. उणे १२७ पाहून हीटर लावील आणि लावूनच ठेवील; माणूस गावाला गेला असेल तर दोन दिवस. तेव्हा शून्याखालचा किंवा चाळिसाच्या वरचा आकडा आला की दोन्ही रिले बंद करून ओरडायचं, एवढी अक्कल पेटीला पहिल्या दिवसापासून हवी. विजेचंही तसंच. जिथे पाणी सांडतं तिथे घरगुती दाबाची वीज खेळवताना अर्थिंग आणि गळती ओळखून तोडणारा स्विच यांना पर्याय नाही. फ्रीजला भोक पाडायचं तर भिंतीत लपलेल्या नळ्या कुठे आहेत हे कळल्याशिवाय नाही; आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये भरलेला आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू आहे. त्यापेक्षा वायर दाराच्या रबरातून आत घ्यावी, फ्रीजचं स्वतःचं बटण सर्वांत थंडवर ठेवावं आणि त्याचा प्लग पेटीच्या सॉकेटात लावावा. फ्रीज उघडायचं कामच नाही.

एवढ्या खटाटोपाने चव खरंच सुधारते का? हा प्रश्न अमेरिकेतल्या काही घरगुती मद्यकारांनी स्वतःलाच विचारला. एकाच वर्टचे दोन भाग वेगवेगळ्या तापमानांना आंबवायचे आणि चव घेणाऱ्यांपुढे तीन पेले ठेवायचे, दोन एकसारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगा. अशा बऱ्याच चाचण्यांत लोकांना वेगळा पेला अंदाजाने येईल त्याहून जास्त वेळा ओळखता आला नाही, काही यीस्टच्या लागरमध्येसुद्धा. यावरून तापमान बिनमहत्त्वाचं असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो घाईचा वाटतो. एका यीस्टला पाच अंश चालतात म्हणून दुसऱ्याला चालतील असं नाही, आणि या चाचण्यांत दोन्ही बादल्या बहुधा आपापल्या अंकावर स्थिर धरलेल्या असतात. दिवसा २८ आणि रात्री १६ अशी हेलकावणारी बादली हा वेगळाच प्राणी. अचानक गारठलं तर यीस्ट काम अर्धवट सोडून तळाशी बसतं. मात्र या चाचण्यांनी अंशाच्या दहाव्या हिश्श्याचा हट्ट निकालात काढला, हे मान्य करायला हवं. एका अंशाच्या आत बिअर राहिली तर पेटीने आपलं काम केलं.

आणि हे सारं काही सारख्याच महत्त्वाचं नाही. चवीवर परिणाम करणारी द्रव्यं मुख्यतः यीस्टच्या वाढीच्या काळात बनतात, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत. तेव्हा नेट धरायचा. लागरच्या शेवटी तर मुद्दाम तापमान १६-१८ पर्यंत चढवून दोन दिवस ठेवतात, कारण डायअसेटिल नावाचं लोण्याच्या वासाचं द्रव्य यीस्टच परत शोषून घेतं आणि उबेत ते काम लवकर उरकतं. पहिल्या दिवशी जी ऊब वैरीण होती तिलाच शेवटी बोलावून आणतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाने मात्र इथे थांबावं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं हा इथे गुन्हा आहे आणि घरापुरती बिअर त्याला अपवाद नाही. पेटी बनवायला अर्थातच बंदी नाही. तिचा मूळ पुरुष तरी बिअरसाठी कुठे होता? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबवण्यासाठी भट्टी केली होती. ऊब वाढली की अल्कोहोल फुगून पाऱ्याला वर ढकलायचं आणि पारा भट्टीची झडप मिटवायचा. आपली जानेवारीतली इडली आणि विरजण याच कामाची आहेत. फक्त तिथे फ्रीजचा रिले मोकळा राहील आणि हीटरचा तेवढा राबेल.

बिअरकडे परत येऊन एकच सांगायचं राहिलं. पेटी दर मिनिटाला नोंद ठेवत असेल तर ती तापमानापेक्षा मोलाची एक गोष्ट लिहून ठेवते: फ्रीज किती वेळ चालला. तापमानाची रेघ आडवी असते, तिच्यातून काही कळत नाही. पण पहिल्या दिवशी फ्रीज क्वचित चालतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वारंवार, मग पुन्हा विरळ. बादलीतून किती ऊब निघते आहे याचा तो आलेखच असतो, म्हणजे यीस्टच्या कामाचा. खोलीचं तापमान फारसं बदललं नसेल तर त्यावरून आंबणं ओसरल्याचं झाकण न उघडता समजतं. तरी बाटल्या भरायच्या आधी हायड्रोमीटर बुडवून पाहावाच लागतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले तरच भरायचं. साखर शिल्लक असताना बूच लावलं तर ती बाटलीत आंबते आणि काच फुटते.